मागच्या खोलीची भिंत

दि. ३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

घर मिळालं रे! बैठं घर, मागे छोटंसं अंगण आणि अंगणाला लागून आईसाठी खोली. पाय मोडल्यापासून आई या तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरलेली नाही. गॅलरीतून दिसेल तेवढंच तिचं जग. म्हणून मी पहिल्याच भेटीत होकार दिला. हे म्हणतात, मी घर बघायला गेलेच नव्हते, हो म्हणायला गेले होते.

घर एका निवृत्त कवायत मास्तरांचं. ते लेकीकडे राहतात, व्यवहार जावई बघतात. भारी गोड बोलतात. घरातले बल्बसुद्धा काढून नेलेत, पण मागच्या खोलीतलं भलंमोठं लाकडी कपाट मात्र आम्हाला भेट म्हणून ठेवलंय. इसार दिला, खरेदीखत पुढच्या महिन्यात.

आईचा तुला आशीर्वाद, वहिनीला जरा जास्त. लोभ असू दे, आणि सुट्टी काढ.

तुझी,
चिऊ

दि. ९ फेब्रुवारी

चि. चिऊस,
अ. उ. आ.

पत्र वाचून आनंद झाला. पण तुझी वहिनी म्हणते, जो माणूस बल्ब सोडत नाही तो कपाट कशाला सोडेल? पाणी कुठंतरी मुरतंय. माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं, हे कबूल करायला मला तिनंच बसवलंय.

रागावू नकोस. आईचा पलंग त्याच खोलीत लागणार आहे, म्हणून लिहितो. कपाट हलवून बघा आणि काय ते लगेच कळव. मेहुण्यांना सांग, कंबर सांभाळून.

तुम्हा सगळ्यांच्या खुशालीची वाट पाहणारा,
दादा

दि. १६ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनीचे पाय धरायला हवेत. कपाटामागे छतापासून जमिनीपर्यंत तिरपी भेग, माझं बोट आत जाईल एवढी. वरून पुट्टी भरून रंग फासलेला, तोही सुटायला लागलाय. आईचं उसं नेमकं त्याच भिंतीला येणार होतं.

जावयांना फोन केला तर म्हणाले, जुन्या घरात असं चालायचंच. माझं डोकं फिरलं. पत्ता शोधून थेट मास्तरांकडे गेलो. म्हातारा आधी गोंधळलाच. म्हणाले, भेग तुम्हाला ठाऊक नाही? घर विकायला काढलं तेव्हाच त्यांनी जावयांना बजावलं होतं की आधी भेग दाखवा, मग घर दाखवा. जावयांनी दाखवली म्हणून सांगितलं होतं. मास्तरांनी जावयांनाही बोलावून घेतलं आणि तसेच चपला घालून आमच्याबरोबर निघाले.

दादा, मग त्यांनी सगळं घर आम्हाला फिरून दाखवलं. पावसात फुगणारी खिडकी, गच्चीचा गळका कोपरा, सगळं. जावई मागे मान खाली घालून उभे. शेवटी मास्तर म्हणाले, नको असेल तर इसार आजच घेऊन जा. हवं असेल तर भिंत नीट करून देईन, मगच सही घेईन.

माझं मन होय-नाही करतंय. आईला अजून काही सांगितलेलं नाही. काय करू?

तुझ्या शब्दाची वाट पाहते.

चिऊ

दि. २१ फेब्रुवारी

चि. चिऊस,
अ. उ. आ.

दोन गोष्टी कर. आईला आजच सांग. पलंग तिचा आहे. आणि घाईनं हो किंवा नाही म्हणू नकोस. माझा इंजिनिअर मित्र रविवारी येतोय. पाया खचला असेल तर मास्तर कितीही भले असोत, आपण हात जोडून बाजूला व्हायचं. मित्राला नीट जेवू घाल, म्हणजे नीट बघेल.

धीर सोडू नकोस.

दादा

दि. २ मे

चि. थोरल्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

चिऊ पडदे शिवण्यात बुडालीय, म्हणून मी लिहिते. तुझा मित्र येऊन गेला ते तुला कळलंच असेल. त्यानं भिंतीलगत खणून घेतलं. खाली सांडपाण्याचा पाइप फुटला होता, माती वाहून गेली आणि तेवढाच कोपरा बसला. पाया भक्कम आहे म्हणाला, तेव्हा कुठे चिऊच्या जिवात जीव आला. बाहेर येऊन गाडीत बसली आणि लहानपणी रडायची तशी रडली म्हणे.

मास्तरांनी पाइप नवा घातला, भिंत बांधून घेतली, गच्चीही केली. तुझ्या मित्रानं पुन्हा येऊन बघितलं, मगच खरेदीखत झालं आणि आम्ही इथे राहायला आलो. मास्तरांच्या जावयांनी चिऊची माफी मागितली. तोंडदेखली होती, पण मागितली.

मला तुम्ही सगळं आधी सांगितलंत हे फार बरं झालं. लपवलं असतंत तर मी या भिंतीकडे पाठ करून झोपले नसते.

आता एक गंमत. आज सकाळी चिऊ बाजारात आणि आपले जावई कामावर गेले होते. मी काठी घेतली आणि एकटी मागचं दार उघडून अंगणात गेले. उन्हात बसले. पायाखाली माती होती रे, किती दिवसांनी! परत आले आणि काठी जागच्या जागी ठेवली. अजून कुणाला बोलले नाही, आधी तुला कळवते.

सुनेला माझ्यातर्फे शाबासकी दे. दोघं सुखी राहा.

तुझी,
आई