डॉक्टरच्या गाडीचं लाल तेल

सत्यशीला,

पाणी भरून आली की पयले हे वाच. गंजातली भाजी खाऊ नको!

डॉक्टरसाहेबाच्या जुन्या विदेशी गाडीचे गेर आपोआप पडतात. तिले साधं गेरतेल चालत नाई, म्हणून मी नागपूरहून पातळ लाल तेल आणलं अन् जवस तेलाच्या रिकाम्या डब्यात ठेवलं. तो अन् तुह्या सैपाकाच्या तेलाचा डबा एकसारखे. आत्ता गाडीत ओतलं, तं हाताले जवसाचा वास! म्हणजे गाडीचं तेल तुह्या फोडणीत गेलं.

तेलाले वास येऊन राह्यला, असं तू सकाळी म्हणाली होती. मीच हासलो, नव्या घाण्याचं असन म्हटलं, अन् बाबाले शिदोरी बांधून देली.

सायकल घेऊन वावरात पळून राह्यलो. बाबा लवकर जेवतात.

खुशाल