वच्छीसाठी एक जनावर

मानोरा, १२ नोव्हेंबर १९५६
वच्छी कुत्र्याचं पिल्लू मागते. नाही म्हणजे नाही. कुत्रं चावतं, मांजर दुधात तोंड घालतं. पण तिची आई गेल्यापासून पोरगी माझ्याशी धड बोलत नाही, हेही खरंच. तिला शिस्तीचं, सभ्य जनावर आणून देईन. देशाला प्लॅनिंग लागतं, मग घराला का नको?

१८ नोव्हेंबर
पोपट आणला. वच्छीच्या बोटाला कडकडून चावला. तिनं बोट वेळेवर काढलं नाही. औषध लावेपर्यंत पिंजरा उघडाच राहिला. पोपट गेला. पिंजऱ्याची कडी बोगस.

३० नोव्हेंबर
तांड्यावरच्या लखीरामनं ससा दिला. मी सारी आळी बघायला बोलावली. सकाळी ससा कणगीखाली थंडगार. माझी बहीण गोजरा घर सांभाळते. ती म्हणाली, "भाऊ, ते भेऊन मेलं." अज्ञान! ससा मुळातच वीक होता.

९ डिसेंबर
बोकडाचं पिल्लू. सक्सेस! वच्छीनं नाव ठेवलं राजा. रात्री त्याला कुशीत घेऊन झोपली. आज आपणहून म्हणाली, "बाबा, याले तुरीचा पाला लय आवडते." मी मुद्दामच बाहेर गेलो. डोळ्यांत धूळ गेली होती.

१९ एप्रिल १९५७
सोसायटीचे इन्स्पेक्टरसाहेब सोमवारी जेवायला येणार. चेअरमनकी माझीच समजा. राजा चांगला भरला आहे. वच्छीला मामाकडे शिरपूरला धाडलं. लेकरं विसरतात.

२२ एप्रिल, रात्री
साहेब ताटावर बसले आणि म्हणाले, "बबनराव, आज सोमवार. मी मटण खात नाही." वरण-भात खाल्ला, लोणचं मागून घेतलं. हे त्यांनी आधी सांगायला हवं होतं. गोजरा जेवली नाही. नाटकं.

२७ एप्रिल
चेअरमन रामराव झाला. वशिला, दुसरं काय.
वच्छी परत आली. मी सांगितलं, राजा पळाला. दिवस मावळेपर्यंत ती शेतांच्या धुऱ्याधुऱ्यानं हाका मारत फिरली. शेवटी गोजरा रडली अन् सारं सांगून बसली. बायकांच्या पोटात काही राहत नाही.

५ मे
कासव आणलं. चावत नाही, उडत नाही, पळत नाही. परफेक्ट. वच्छीनं ते उचललं अन् सरळ विहिरीत सोडलं.
"काहून?" मी विचारलं.
"इथं राह्यलं त तुमी याले कापसान."
आवाजसुद्धा चढवला नाही. संध्याकाळी मला ताट वाढलं, पाणी ठेवलं. मग स्वतःचं ताट उचलून चुलीपाशी गोजराजवळ जाऊन बसली. कासव तिला पसंत पडलं नसावं.
वांग्याची भाजी होती. मी जेवलो.