पहिलं भाषण कुणी अडवत नाही

४ मार्च, सकाळी ६
आमदार झालो! निवडून नव्हे, नियुक्त. म्हणजे लोकांना त्रास न देता. कलाक्षेत्रातून. छत्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, त्याचं चीज झालं. बायको म्हणाली, पक्षाध्यक्षांच्या आईंचं नाक तुम्ही पोर्ट्रेटमध्ये निम्मं केलंत, त्याचं चीज. दुर्लक्ष केलं.
संकल्प: सहा वर्षांत मंत्रिपद. रोज सकाळी चालणे.

७ मार्च
शपथ झाली. सभागृहात एक छान प्रथा आहे. नव्या सदस्याच्या पहिल्या भाषणात मध्ये कुणी बोलायचं नाही. घरी ही सोय कधी मिळाली नाही. असं भाषण एकदाच मिळतं, किरकोळ विषयावर खर्चायचं नाही.
चालणे उद्यापासून.

१९ मार्च
पाणी, रस्ते, नर्सेस. तिन्ही विषय सोडून दिले. किरकोळ.
मागच्या बाकावर पक्षाचे प्रतोद बसतात. काम वर्गातल्या मॉनिटरचं. पाठीवर एक थाप पडली की ‘होय’ म्हणायचं, दोन पडल्या की ‘नाही’. उत्तम सिस्टीम. कागद वाचावे लागत नाहीत.

२ एप्रिल
धाकटी आली होती. माझ्याच शाळेत, माझ्याच जागी ड्रॉइंग टीचर आहे. शाळांमधली चित्रकला शिक्षकांची पदं रद्द करायचं विधेयक येतंय म्हणे. म्हणाली, बाबा, तिथे आमच्यातले तुम्ही एकटेच. विषय सापडला! म्हटलं, निर्धास्त राहा, सभागृह हादरवतो. तर म्हणते, हादरवू नका हो, नुसतं नको म्हणा.
मुलांना भव्यतेची जाणच नाही.

९ एप्रिल
भाषण तयार. चाळीस पानं. सुरुवात आदिमानवाच्या गुहेतून. चित्रकला शिक्षक पान अडतीसवर येतात. बायकोला वाचून दाखवलं. पान सहावर ती मध्ये बोलली. गुहेतून बाहेर कधी पडणार, म्हणाली.

१५ एप्रिल
विधिमंडळातला क्लार्क म्हणाला, सर, तुम्हाला सहा वर्षं नाहीत. आधीचे सदस्य वारले, त्यांची उरलेली मुदत तुमची. या महिनाअखेरीपर्यंत. नियुक्तीपत्राच्या दुसऱ्या पानावर आहे. मी पहिलं पान फ्रेम केलंय.
हरकत नाही. छोटी कारकीर्द जास्त लक्षात राहते.

२३ एप्रिल, दुपारी ३, सभागृहात
आज तो दिवस! आमचं विधेयक पाचवं. आत्ता तिसरं चालू असावं. ‘सभापती महोदय’ आधी की गुहा आधी, यावर खाडाखोड करतोय. मध्येच पाठीवर एक थाप. दणदणीत ‘होय’ म्हटलं. बाकीचे ‘होय’ म्हणून आधीच गप्प झाले होते, त्यामुळे आवाज घुमला.

दुपारी ३.२०
शेजारच्या सदस्यांना विचारलं, चित्रकलेचं कधी? म्हणाले, झालं की! तिसरं, चौथं, पाचवं चर्चेविना एकदम मंजूर. तुम्हीच तर ओरडलात.

२४ एप्रिल
धाकटीचा फोन. कामकाज लाइव्ह बघत होती. बाबा, आवाज छान लागला होता, एवढंच म्हणाली आणि ठेवला.
सिस्टीमचा दोष.

३० एप्रिल
मुदत संपली. कामकाजाचा छापील अहवाल आला. माझं नाव शोधलं, नाही. पान ११२ वर सापडलो. ‘एक सन्माननीय सदस्य: होय.’
धाकटी शाळेतलं कपाट रिकामं करून आली. ब्रशांचा डबा माझ्या टेबलावर ठेवला. चाळीस पानं वाचून दाखवू का, विचारलं. ती आत गेली.
प्रथा मात्र पाळली गेली. माझ्या पहिल्या भाषणात मध्ये कुणी बोललं नाही.