आजोबांना वगळून

बागबाजार, कोलकाता
९ सप्टेंबर २०२५

ती. सुलभाताईस,
साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही वेळेवर उठतो, जेवतो, झोपतो. त्याला खुशाली म्हणायचं असेल तर खुशाल आहोत. तुझ्या गुडघ्याचं काय? फोनवर "बरा आहे" म्हणालीस, पण मागे खुर्ची कुरकुरली आणि उठताना तुझा श्वास अडकला. माझ्याशी खोटं बोलू नकोस. याच कानांवर मी धंदा उभा केलाय.

धंदा बरा चाललाय. पूजेच्या मंडपांचे पंखे वाइंडिंगला आलेत, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. कुठल्या पंख्याचं बेअरिंग गेलंय ते अजून जिन्यातूनच सांगतो. समोरचे घोषबाबू परवा म्हणाले, "रघुदा, तुम्हा मराठा बर्गींनी आमचं सगळं लुटलं, पंखे तेवढे राहिले होते. तेही शेवटी तुमच्याच दुकानात!" मी हसलो. हसायचं तिथे बरोबर हसतो, ताई. त्यात चूक होत नाही.

तू विचारलंस, सर्वपित्रीला तुझ्या केयूरला पाठवू का. फोनवर तू मध्येच बोलतेस, म्हणून लिहून कळवतोय.

गेल्या वर्षी आषाढात माझा मुलगा सेक्टर फाइव्हच्या ऑफिसात, खुर्चीत बसल्या बसल्या गेला. हे तुला सांगायला नको. एकदा लिहून बघितलं, इतकंच.

तेव्हा तू म्हणालीस, केयूर असताना बापाने मुलाचं करू नये. केयूर विमानाने आला, सगळं यथासांग केलं. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. सूनबाईने तेवढ्या मूठभर अस्थी मागून घेतल्या आणि टँगऱ्याच्या चिनी लोकांच्या कबरस्तानात आपल्या वडिलांशेजारी पुरल्या. त्यावरून तू मेलिनशी बोलणं टाकलंस. ती अजून दर रविवारी मला विचारते, "बाबा, आत्याबाईंचा फोन आला?" मी म्हणतो, आला, तुला विचारत होत्या. तिला ते खरं वाटत नाही, पण ती मान डोलावते.

एप्रिलमध्ये त्यांचा पितरांचा दिवस असतो. त्या दिवशी मी तिथे गेलो होतो. तुला बोललो नव्हतो.

त्यांचंही आपल्यासारखंच आहे गं. आधी कबर झाडली, गवत उपटलं. मग उकडलेली अख्खी कोंबडी, संत्री, उदबत्त्या, छोट्या पेल्यांतून चहा. कागदाच्या नोटा जाळतात, कागदाचे कपडेही. नूपुर म्हणाली, "आजोबा, हा शर्ट बाबाला टाइट होणार." मेलिन म्हणाली, "जळल्यावर साइज नसते." मग पेला हातात धरून मला विचारलंन, "बाबा, तो तर चहा प्यायचा नाही. कॉफी चालेल?" मी म्हटलं, आपल्याकडेही आवडीचंच करतात. तिने थर्मासमधून कॉफी ओतली. घरूनच करून आणली होती, मला नुसतं विचारलं.

सगळे वाकले तसा मीही वाकायला गेलो. तिच्या मामांनी दंड धरला. ते सॉसचे व्यापारी, आवाज भरड. म्हणाले, "दादा, हमारे में बाप बेटे के आगे नहीं झुकता. आप बस खड़ा रहो." मी उभा राहिलो. उन्हात उभं राहणं मला जमलं.

मग या आषाढात वर्षश्राद्ध आलं. केयूरला सुट्टी होती, तो येतो म्हणत होता, मीच नको म्हटलं. वाटलं, एकदा आपण करावं. बडाबाजारचे गुरुजी आले, नवे होते, मला 'पंखेवाले साहेब' एवढंच ओळखायचे. सगळं नीट चाललं होतं. त्यांनी विचारलं, "ज्याचं श्राद्ध त्याचं नाव सांगा." आणि मी म्हणालो, "रघुनाथ."

गुरुजींना काय ठाऊक? ते तेच नाव घेऊन पुढे गेले. पिंड दिले गेले, तिलोदक सोडलं गेलं, सगळं माझ्या नावाने. मला ऐकू येत होतं. प्रत्येक वेळी ऐकू आलं. थांबवलं नाही.

मेलिन दारात उभी होती. गुरुजी गेल्यावर माझं ताट वाढताना म्हणाली, "बाबा, तुम्ही तुमचं नाव का घेतलं?"

मी म्हटलं, "माझ्या वडिलांनंतर पुढचं तेच होतं."

ती वाढायची थांबली. मग म्हणाली, "म्हणजे त्याला काही नाही मिळालं?"

"नाही."

"मग परत करा ना."

संध्याकाळी तुझा फोन आला. "व्यवस्थित झालं ना?" म्हणालीस. मी म्हटलं, झालं.

परत करायचं म्हटलं तरी माझ्याने ते नाव घेववत नाही. दुकान बंद करून, पंखे चालू ठेवून, त्या आवाजात म्हणून पाहिलं. ओठ हलतात. रडू येत नाही, काही होत नाही. फक्त नाव येत नाही. माझ्यामागे श्राद्धात म्हणायला म्हणून इतक्या वर्षांत मी मुलाला जे शिकवलं त्यात आधी माझं नाव होतं, मग अण्णांचं, मग आजोबांचं.

केयूर ते नाव सहज घेईल, मला माहीत आहे. पण मी नूपुरला बसवणार आहे. रागावू नकोस, आधी वाच. त्याच गुरुजींकडे गेलो. आधी नाही म्हणाले. मग झालं ते सगळं सांगितलं. म्हणाले, "मुलीला बसवा, मी सांगतो." मी विचारलं, तिने नावं कुठली घ्यायची? म्हणाले, "आधी वडिलांचं. आजोबा जिवंत, त्यांना वगळून पणजोबांचं, मग खापरपणजोबांचं."

आजोबांना वगळून. रोज पाठ करते ती. मराठी अडखळतं तिचं, 'खापरपणजोबा' म्हणताना तोंडात लाडू घेतल्यासारखी बोलते. पण पहिलं नाव खणखणीत घेते. मग क्षणभर थांबते, माझ्याकडे बघते, आणि अण्णांवर जाते. त्या थांबण्यात मी आहे. माझी जागा तीच. त्याच्या मागची.

तेव्हा केयूरला पाठवायचं नाही. तू ये. गुडघा आहे, माहीत आहे, गंगेवर करायचंय, पण घाटाच्या पायऱ्या तुला उतरायच्या नाहीत, वर खुर्ची टाकतो. नूपुर चुकली तर सांगायला आपल्यातलं कुणीतरी मोठं माणूस हवं, आणि माझा भरवसा नाही. खीर मेलिन करणार आहे. पहिल्यांदाच करतेय, तिला तू सांग. तिच्याशी तेवढं तरी बोल.

नाही आलीस तरी होईल. पण ये.

तुझा भाऊ,
आणि शौनकचा बाप,
रघुनाथ