उतरणीचा सराव

चोआ चू कांग, सिंगापूर
२ मार्च २०१४

ती. साधनाताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुझं ते कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं, म्हणून आपलं पत्रच बरं. शिवाय फोनवर बोललं की घरातले तिघंही ऐकतात, आणि आजची तक्रार घरातल्यांचीच आहे.

जूनच्या सुट्टीत आम्ही स्वित्झर्लंडला जातोय. सगळं कुशलने ठरवलंय. तुझा भाचा सहलसुद्धा ऑफिसच्या प्रोजेक्टसारखी काढतो, तुला माहीतच आहे. केबल कारने वर बर्फापर्यंत जायचं, बर्फाच्या कडेकडेने थोडं चालायचं आणि मग कुरणांमधून पायी खाली गावात यायचं. त्यासाठी घरात ट्रेनिंग चालू आहे. कुशल सॅकमध्ये तांदळाची पिशवी घालून आमच्या ब्लॉकचे जिने चढतो, मागून प्रणिता, तिच्यामागून कुरकुरत इरा. वर पोचले की लिफ्टने खाली आणि पुन्हा चढायला सुरुवात. परवा ते तांदूळ घामाने ओले झाले. प्रणिताने नवऱ्याला बजावलंय की हा भात तुला एकट्यालाच वाढणार.

आणि मी? मी केबल कारने वर जायचं, बर्फाबरोबर फोटो काढायचा, त्याच केबल कारने खाली येऊन हॉटेलात बसायचं. कुशल म्हणाला की आई, तुझ्या गुडघ्यांना ते झेपणार नाही, तू आपली आरामात बस. मी बरं म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी जरा जोरातच आपटली.

ताई, मला बर्फाचं काही पडलेलं नाही. बर्फ काय, आमच्या फ्रीजमध्येही आहे. मला त्यांच्याबरोबर चालायचंय. हे गेल्यावर मी इकडे आले, तेव्हापासून मला सगळीकडे जपून नेतात आणि जपून बसवतात. मॉलमध्ये बाकावर, बागेत बाकावर, इराच्या शाळेत पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर. तिघं पुढे जाऊन येतात आणि काय काय पाहिलं ते मला सांगतात. प्रेमानेच करतात गं, म्हणून भांडताही येत नाही. पण आम्ही चौघं म्हणून अजून एक रस्ता धड सोबत चाललो नाही. वाईट वाटतं, दुसरं काय!

तुझी औषधं वेळेवर घे. लोभ आहेच, तो वाढू दे. रागावणं तेवढं कमी कर.

तुझी,
स्मिता


सातारा
१९ मार्च २०१४

चि. स्मितास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. भांडी आपटून काही होत नाही, पोचे तेवढे पडतात. लहानपणीही तू हेच करायचीस आणि बोलणी मी खायची.

आता तुझ्या हुशार इंजिनिअरला एक विचार. केबल कार जर वर नेऊन सोडणार, तर मेलं चढायचं आहे कुठे? तुमची बहुतेक सगळी वाट उतरणीची, आणि ही मंडळी घाम गाळतायत चढण्यासाठी. बरं, उतरायची वेळ आली की शिरले लिफ्टमध्ये! वा रे ट्रेनिंग! मी जन्मभर मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवलं, दरवर्षी सज्जनगडाला सहल नेली. वर जाताना एक पोरगी रडली नाही. येताना मात्र निम्म्या जणी पायऱ्यांवर बसून आई आई करायच्या. चढताना लागतो तो दम, तो बसल्यावर जातो. उतरताना मांड्या आणि गुडघे बोलायला लागतात, ते बसून गप्प होत नाहीत.

तेव्हा तू उलट कर. आधी डॉक्टरांना गुडघे दाखव. ते हो म्हणाले तर लिफ्टने वर जा आणि जिन्याने खाली ये. कठड्यावर हात, गुडघा किंचित वाकवून पाऊल, घाई अजिबात नको. सुरुवातीला थोडेच मजले, अंगवळणी पडलं की वाढव.

आणि हे चोरून करू नकोस. कुशलला समोर बसवून सांग की मला यायचंय. आपण तोंड उघडायचं नाही आणि दुसऱ्याने ओळखावं, ही तुझी खोड आता सदुसष्टाव्या वर्षी तरी सोड. त्याला उतरणीचंही सांग. ऐकणार नाही, पण सांग.

इराला गोड पापा. कळव काय होतं ते, मी वाट बघतेय.

तुझी ताई,
साधना


चोआ चू कांग
११ मे २०१४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सांगितलं! जेवताना, सगळ्यांसमोर. म्हटलं, मला हॉटेलात बसायचं नाही, मला तुमच्याबरोबर चालायचंय. कुशलचा घास हातातच राहिला. मग नेहमीचं सुरू झालं, गुडघे, वय, परक्या देशात काही झालं तर काय. पण प्रणिता माझ्या बाजूने उभी राहिली. म्हणाली की डॉक्टर हो म्हणतायत, आई रोज जिने उतरतायत, मग आपण कोण नाही म्हणणारे? ताई, सून बोलत होती आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आमटी तिखट झालीय म्हणून वेळ मारून नेली.

शेवटी एका अटीवर ठरलं. उतरताना मध्ये केबल कारचं एक स्टेशन लागतं. माझ्या गुडघ्याने तिथपर्यंत जरा जरी कुरकुर केली, तर मी मुकाट्याने केबल कारमध्ये बसायचं. कुशलला तुझं उतरणीचंही सांगितलं. तो हसत सुटला. म्हणाला, मावशीला सांग, उतरायला काय लागतं, गुरुत्वाकर्षण आहे ना!

तर माझा सराव जोरात आहे. जिन्यात लोकांच्या कुंड्या असतात, सायकली असतात, त्यातून वाट काढत उतरते. खालच्या मजल्यावरच्या चिनी आजी मला बघून अंगठा दाखवतात, मीही दाखवते, तेवढीच आमची भाषा. इरा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत शाबासकी देते, आज्जी व्हेरी स्टेडी लाह. पण खरं सांगू, धाकधूक आहे. मधल्या स्टेशनवर बसायची वेळ आली, तर यापुढे मला कुठेच चालायला नेणार नाहीत.

तुझ्या आशीर्वादाची फार गरज आहे, तो पोस्टाने लवकर पाठव.

तुझी,
स्मिता


स्वित्झर्लंड, हॉटेलातून
१७ जून २०१४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल चाललो. पाय दुखतायत, हात शाबूत आहे, म्हणून लिहायला बसले.

वर केबल कारमधून उतरलो आणि चहूकडे नुसतं पांढरं! जूनचं ऊन डोक्यावर आणि पायाखाली बर्फ. इराने पहिला गोळा बापाच्या मानेत घातला. मी काठी रोवत, तू सांगितलंस तशी गुडघा वाकवून हळूहळू निघाले. बर्फ संपला, दगड लागले, मग हिरवी कुरणं आणि गळ्यात घंटा बांधलेल्या गायी. कुशल सॅक घेऊन ढांगा टाकत पुढे. दर वळणावर थांबून ओरडून विचारायचा, आई, दुखतंय का? मी मान हलवायची.

मग हळूहळू त्याचं विचारणं कमी झालं. पुढे तो आमच्याबरोबरच चालायला लागला, मग मागे पडला. मधलं स्टेशन आलं तेव्हा त्याच्या मांड्या अशा थरथरत होत्या की बाकावर बसताना त्याला प्रणिताचा हात धरावा लागला. चेहरा एवढासा झाला होता. म्हणाला की तुम्ही तिघी व्हा पुढे, मी केबल कारने खाली जातो आणि हॉटेलात बसतो.

ताई, तू असतीस तर त्याला खडे बोल सुनावले असतेस. माझ्याही जिभेवर आलं होतं, बोलव आता तुझ्या गुरुत्वाकर्षणाला! पण त्याच्याकडे पाहिलं आणि ते गिळून टाकलं. माणसाला बाकावर बसवून बाकीचे पुढे जातात तेव्हा कसं वाटतं, ते मला कुणी सांगायला नको. मी म्हटलं, कुणी कुठे जाणार नाही. गेलो तर चौघं चालत, नाहीतर चौघं केबल कारने. सॅक प्रणिताने आणि मी वाटून घेतली, मी त्याच्या पोटऱ्या चोळल्या, इराने त्याला चॉकलेट भरवलं. ते त्याने सावकाश खाल्लं. मग म्हणाला की आई, मी तुला दर वेळी असंच बसवून ठेवतो ना गं. मी म्हटलं, हो रे बाबा, ठेवतोस. पहिल्यांदाच स्पष्ट बोलले.

मग तो उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही निघालो. मी पुढे, तो माझ्या पावलावर पाऊल टाकत, मागे मायलेकी. गावात पोचेपर्यंत ऊन कलत आलं होतं. आई माझ्यासाठी किती हळू चालली, असं तो आता येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटलाय. खरं तर त्या स्टेशनापासून माझेही गुडघे ठणकत होते, याहून भरभर चालणं मला जमलंच नसतं. पण सगळं घर माझ्या चालीने चालत होतं गं, म्हणून मी गप्प बसले. तूही त्याला सांगू नकोस.

तुझी,
स्मिता