हिरड्या, कढई आणि मंगळवारची वेळ

तीर्थस्वरूप कलावतीताईस,

परशुरामचा कोपरहून साष्टांग नमस्कार. (‘तीर्थरूप’ फक्त आईवडिलांना. हे मला कुणी शिकवलं नाही, स्वतः वाचून शिकलो.) खोपटला सगळे मजेत ना? मिशेरी लावताना हिरड्यांतून रक्त येतं म्हणालीस, ते थांबलं का? भाऊबीजेला मी तपासणीचा विषय काढला तर डबी कमरेला खोचून तू स्वयंपाकघरात निघून गेलीस. फोनवरही विषय बदलतेस, म्हणून हे पत्र.

हिरड्यांचा जुना आजार असलेल्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचा धोका थोडा जास्त दिसतो, असं काही अभ्यासांत आढळलंय. (‘दिसतो’ लिहिलंय. एकामुळे दुसरं होतं हे सिद्ध नाही. शब्द नीट वाच.) मी लगेच तुझ्या भावजयीला, दर्शनाला, दातांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर पायल, वयाने तुझ्या सान्वीएवढी. तिला हा अभ्यास समजावून देता देता माझे पाय दुखायला लागले, म्हणून समोरच्या खुर्चीत टेकलो. तिने बटण दाबलं. खुर्ची आडवी झाली, आणि तोंड उघडंच होतं, बोलत होतो ना.

दर्शनाच्या हिरड्या उत्तम निघाल्या. माझ्या पाहून पायलने विचारलं, घासता कशाने? मी सांगितलं, कडक ब्रश, जाडं मीठ, आडवं-उभं जोर लावून. (पद्धत माझी स्वतःची.)

“काका, हे दात घासणं नाही, कढई घासणं आहे.”

तुझी भावजय इतकी हसली की बाहेर बसलेला पेशंट उठून गेला. मग तिनेच नेमकं विचारलं, हिरड्या चांगल्या म्हणजे छातीची तपासणी नको का? उत्तर आलं, ती वेगळी, ती करायचीच. घरी येताच दर्शनाने ठाण्यात छातीच्या तपासणीसाठी तुझी आणि स्वतःची मंगळवारची वेळ घेतली.

तुझा धाकटा,
परशुराम

ता. क. : माझी दातांची सफाई अर्धी राहिलीय. यंत्र सुरू झालं आणि मला एक महत्त्वाचं काम आठवलं.

ता. क. २ : काखेतली गाठ दर्शनाला दाखवून, कुणाला सांगू नकोस म्हणून तू तिला माझी शपथ घातलीस, हे काल कळलं. शपथ मोडूनही मी ठणठणीत आहे (हिरड्या सोडून), तेव्हा तिला रागावू नकोस. वरचं सगळं या ओळीपर्यंत यायला लिहिलं. गाठ बहुतेक वेळा साधी असते, पण ते दाखवल्यावरच कळतं. मंगळवारी आधी तुझी तपासणी, मग मी पायलच्या त्या खुर्चीत. माझा हात तू धर. दर्शना हसते.