कापलेल्या कडा

पुणे, ३ ऑगस्ट २०२४

तीर्थरूप बाबांस ज्योत्स्नाचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या कानांचं आणि फोनचं पटत नाही, म्हणून पुन्हा कागद. बातमी मोठी आहे. आमच्या संग्रहालयात भुंगेऱ्यांच्या चित्रांचं जुनं छापील पुस्तक आलंय. बाभळीवरचा सोनकिडा, कडुलिंबावरचा हुमणीचा भुंगेरा, सगळी आपल्या जगदेव आजोबांची! नाव मात्र ज्या साहेबासाठी त्यांनी काढली त्याचं. मला रडूच आलं.

आजोबांच्या सहीची मूळ चित्रं आपल्या पेटीत आहेत. ती दाखवली तर प्रदर्शनात खाली आजोबांचं नाव लागेल. भागवतदादा घेऊन येईल. तोवर ओल आणि कसर लागू देऊ नका. त्यांवर चहाचा कपही ठेवू नका, मी ओळखते तुम्हाला.

माया आहेच, ती अशीच राहू द्या.
तुमची ज्योत्स्ना

केनवड, १२ ऑगस्ट

चि. ज्योत्स्नास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पारावरच्या माणिकरावाला दोनदा वाचून दाखवलं. ओलीची चिंता तू केलीस, म्हणून दुसऱ्याच दिवशी एसटीनं रिसोडला गेलो आणि बावीसही चित्रांना लॅमिनेशन करून आणलं. कागद प्लास्टिकात बसेनात. कडा तशाही पिवळ्या, कसरीनं खाल्लेल्या; दुकानदाराला सांगून सरळ कापून घेतल्या. आता पाण्यात बुडव, काही होत नाही. सोनकिडा असा चमकतो की शेजारची पंचफुला म्हणे, जित्ताच हाय का काय हा!

म्हातारा अजून कामाचा आहे, हे ध्यानात असू दे.
तुझा बाबा

पुणे, १९ ऑगस्ट

तीर्थरूप बाबांस शि. सा. न.

तुमचं पत्र दोन दिवस हातात घेऊन बसले. रागावले नाही. आजोबांची सही खालच्या कडेवर होती, पेन्सिलीत, अगदी बारीक. तुम्हाला ती दिसली नसणार, आणि कुठे आहे ते मी लिहिलं नाही. दिवाळीत मी फोटो काढले, तेही नुसत्या किड्यांचे. चूक माझीच.

त्या पट्ट्या दुकानात असतील का? एक मिळाली तरी पुरे. पावसापाण्यात तुम्ही जाऊ नका, दादाला पाठवा.

तुमची ज्योत्स्ना

केनवड, २७ ऑगस्ट

चि. ज्योत्स्नास आशीर्वाद.

भागवतला पाठवलं नाही, मीच गेलो. दुकानदार भला माणूस. म्हणे, बाबा, रोजचा कचरा रोजच जाते, आता कोठून देऊ तुमाले? तरी बाहेरची कचरापेटी पाहिली. एकही पट्टी नाही सापडली.

साहेबानं माझ्या बापाचं नाव छापलं नाही. मी तर होतं ते कापून आलो.

घरी येऊन प्रत्येक चित्राखाली नाव लिहिलं. अक्षर त्यांच्यासारखंच आहे माझं, त्यांनीच गिरवून घेतलं होतं. पण बॉलपेन प्लास्टिकवर उठत नाही, आणि शाईनं लिहिलेलं बोट लागताच पुसतं. पुन्हा लिहितो, पुन्हा पुसतं. भागवत म्हणतो, बाबा, राहू द्या आता.

प्लास्टिकवर कोणता पेन टिकतो, ते तुझ्या संग्रहालयात विचारून लवकर कळव. माझ्यावरची माया कमी करू नकोस.

तुझा बाबा